सौजन्य : स्थापत्य अभियंता संघ

सिव्हिल इंजिनिअरला आपलं नाव कुठंतरी कोरलेलं दिसलं नाही तर अन्न पचत नाही. इतरांचं सोडा, मी स्वतःबद्दलच सांगतोय. छत्तीस वर्षं सांगलीत घरं बांधली आणि प्रत्येक घराच्या पायरीशी माझ्या नावाची वीतभर काळी फरशी बसवून घेतली. एका गावच्या स्मशानातली शेडसुद्धा सोडली नाही. उमा, माझी बायको, तेव्हा म्हणाली होती, "अहो, तिथं नाव वाचून कुठलं गिऱ्हाईक येणारंय?" मी हसलो होतो. फरशी बसवलीच.

मी सुमंत. जिच्यावर हे बेतलं तिला विचारूनच लिहितोय; बाकीच्या माणसांची नावं बदलली आहेत, माझं तेवढं खरं ठेवलंय.

आमचा एक संघ आहे, कृष्णाकाठ स्थापत्य अभियंता संघ. सांगली आणि सातारा, दोन्ही जिल्ह्यांतले मिळून दोनशेवर सभासद. दरवर्षी आम्ही कुणाला ना कुणाला काहीतरी देतो. कधी शाळेला पाण्याची टाकी, कधी एसटी स्टँडवर बाकडी. बाकड्याच्या पाठीवर लाल रंगात 'सौजन्य' आणि खाली आमचं नाव. शाळेत मी सौजन्य म्हणजे चांगुलपणा असं शिकलो होतो. बाकड्यावर त्याचा अर्थ 'हे आम्ही दिलंय बरं का' असा होतो.

एका वर्षी सभेत कुणीतरी मुद्दा काढला. संस्थांना खोली बांधून द्यायला सगळे पुढं येतात, पण कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर, फोनची यंत्रणा यांचं नाव कुणी काढत नाही, आणि आता त्यांचं अडतं ते नेमकं तिथंच. मुद्दा बरोबर होता. आम्ही 'संस्था तंत्रज्ञान निधी' काढला, त्याचा सचिव मी झालो आणि अर्ज मागवले. फलटणच्या एका वाचनालयाचा आला, कडेगावच्या एका बालवाडीचा आला, आणि वडूजच्या एका शिवण क्लासचा आला.

शिवण क्लासचा अर्ज वाचून मी मोठ्यानं हसलो. पाच जणींच्या फोनवर एकदम वाजेल अशी कॉलची यंत्रणा, दोन कॉम्प्युटर आणि नोंदी कुलूपबंद ठेवणारं सॉफ्टवेअर. ब्लाउज शिवायला हे कशाला लागतं? अर्जात आम्ही एक प्रश्न ठेवला होता : लाभार्थींना देणगीदाराची माहिती कशी दिली जाईल? बाकीच्यांनी फलक, कोनशिला, फेसबुक असं काय काय लिहिलं होतं. या अर्जात लिहिलं होतं, "दिली जाणार नाही."

मुलाखतीला क्लासच्या क्रांतीताई आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, बोलणं तुटक. बसायच्या आधी त्यांनी दार लावून घेतलं.

"क्लास आहे, चार मशिनी आहेत, बायका शिकतातही," त्या म्हणाल्या. "पण येणाऱ्यांतल्या निम्म्या शिकायला येत नाहीत. घरात मार खाणाऱ्या बायका आहेत त्या. शिवण शिकायला जाते म्हटलं की घरचे सोडतात. कराड, मिरज, सांगलीहून फोन येतात. ओळखीचं कुणी नको म्हणून मुद्दाम लांब फोन करतात. आमचा नंबर आम्ही त्यांना 'फॉल-पिको' या नावानं ठेवायला सांगतो. त्याशिवाय तिच्या फोनवर आमची कसलीही खूण राहता कामा नये. मेसेज नाही, फोटो नाही, काही नाही. तुमचं नाव कुठंच येणार नाही. चालत असेल तर द्या."

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं. आता ते आठवलं की माझाच मला राग येतो.

यंत्रणा बसवायला मी स्वतः वडूजला गेलो. बरोबर सिद्धू होता, आमची फोन आणि कॉम्प्युटरची कामं करणारा. ती जागा त्यांनी आता सोडलीय, म्हणून गावाचं नाव लिहितोय. फोन घ्यायच्या बनुबाई. पासष्टीच्या पुढच्या, कपाळाला चष्मा, हातात जुना मोबाईल. नोंदींच्या वह्या मशीनच्या खणात, चिंध्यांखाली.

"येकच फोन हाय सायेब," त्या म्हणाल्या. "येकीसंगं बोलत असले की दुसरीचा वाजून वाजून बंद हुतोय. तिला तेवढाच येळ गावलेला असतोय, नवरा भाईर गेल्याला. परत कवा करंल, करंल का न्हाई, कुणाला ठावं?"

दुपारपर्यंत सिद्धूनं सगळं जोडलं. एक कॉल केला आणि पाच फोन एकदम वाजले. बनुबाईंनी तोंडावर हात ठेवला. "आवं, हे तर लय झ्याक झालं!" आणि त्यांनी मला चहाबरोबर शेंगदाण्याचा लाडू दिला. परत येताना गाडीत मी शीळ घालत होतो.

पुढच्या आठवड्यात आमचे अध्यक्ष अवधूतराव यांनी विचारलं, "फोटो कुठायत?"

"फोटो काढायचे नाहीत, ठरलंय."

"फलक?"

"तोही नाही."

"मग सुमंतराव, अहवालात काय छापायचं? शिवण क्लासला फोन दिला? लोक हसतील आपल्याला."

खरं सांगायचं तर मलाही तेच खुपत होतं. इतकं चांगलं काम आणि आपलं नाव कुठंच नाही, हे मनाला पटतच नव्हतं. मी सिद्धूला सहज म्हणून विचारलं. तो म्हणाला, सोपं आहे सर, कॉल संपला की त्या नंबरवर आपोआप मेसेज जातो, मजकूर तेवढा सांगा. मजकूर मी स्वतः लिहिला आणि अवधूतरावांना दाखवला : "आपल्या कॉलबद्दल धन्यवाद. ही दूरध्वनी सेवा – सौजन्य : कृष्णाकाठ स्थापत्य अभियंता संघ, सांगली." महिला, मदत, केंद्र असला एकही शब्द घातला नाही. एवढी काळजी घेतल्याबद्दल मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

क्रांतीताईंना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच विचारलं नाही. हे वाक्य कागदावर उतरवायला मला आठ दिवस लागलेत.

मेसेज जायचा तो फोन करणाऱ्या बाईला. क्लासमध्ये कुणाला कळायचं कारण नव्हतं. दीड महिना तो जात राहिला.

एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला इंद्रजित माझ्या ऑफिसात आला. आमच्या संघाचाच सभासद, तिशीतला, कडेगावकडच्या बागायतदाराचा मुलगा, कामाला चोख आणि बोलायला गोड. त्याची बायको मयूरी लग्नाआधी दोन वर्षं माझ्याच ऑफिसात ड्रॉइंगं काढायची. तिच्या हातची रेघ मला आजही ओळखू येईल. त्यांच्या लग्नात मी पहिल्या रांगेत होतो.

"सर, आपल्या संघानं फोनची काही स्कीम काढलीय का?" असं म्हणत त्यानं एक मोबाईल माझ्यापुढं धरला. स्क्रीनवर माझाच मजकूर. "मयूरीच्या फोनवर आलाय. तीन वेळा."

माझी छाती फुगली. दीड महिना या मेसेजबद्दल एक माणूस चकार शब्द बोलला नव्हता. आता पहिल्यांदा कुणीतरी तो वाचून माझ्याकडं आलं होतं.

"म्हणजे मयूरी तिथं काम करायला लागली वाटतं!" मी म्हणालो. "मला बोलली नाही बघ पोरगी. शाबास!"

"कशाचं काम, सर?"

आणि मी सांगत सुटलो. वडूजचा क्लास, आत काय चालतं, कुठकुठून फोन येतात, पाच फोन एकदम कसे वाजतात. चहा मागवला. तो खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होता.

"तिच्याकडं 'फॉल-पिको' म्हणून एक नंबर आहे," तो हळूच म्हणाला. "तोच का?"

"तोच तोच! ती त्यांची युक्ती. घरच्यांना संशय नको म्हणून."

"वडूजला नेमकं कुठं म्हणालात?"

गाळा कुठला, बोळ कुठला, तेही सांगितलं. तो उठला. "चांगलं काम करताय सर," म्हणाला. कपातला चहा तसाच होता.

दुपारी जेवताना मी उमाला हे सगळं रंगवून सांगितलं. आपलं काम कसं घरोघर पोचतंय वगैरे. ती आमटी वाढत होती. पळी तशीच धरून तिनं विचारलं, "मयूरीचा फोन त्याच्या हातात कसा काय?"

मी ताटावरून उठलो.

हात न धुता मयूरीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. उमा म्हणाली, "आधी त्या क्रांतीताईंना कळवा." आता जे सांगतोय ते मी आजवर उमाखेरीज कुणाशी बोललो नाही. मी त्यांना फोन केला नाही. सिद्धूला फोन करून मेसेज गुपचूप बंद करायला लावला. मनाशी म्हटलं, इंद्रजित तसला मुलगा नाही, शिकलेला आहे, नवरा-बायकोत फोन इकडंतिकडं होतातच. उमा रोज विचारायची, "केलात का?" मी म्हणायचो, "करतो." असे नऊ दिवस गेले. तिला क्रांतीताईंचा नंबर ठाऊक असता तर तिनंच केला असता, आणि तिनं मागितला तेव्हा मी तो दिला नाही.

दहाव्या दिवशी क्रांतीताईंचाच फोन आला.

"मेसेज तुम्ही टाकलात?"

"हो."

"आणि इंद्रजितला क्लासचा पत्ता?"

"मीच."

मग त्यांनी बातमी वाचून दाखवावी तसं सांगितलं. त्या गुरुवारी मयूरी पाच वर्षांच्या ओवीला घेऊन घर सोडणार होती. दिवस, गाडी, उतरायची जागा, सगळं ठरलं होतं. सोमवारी दुपारी इंद्रजित घरी गेला. फोन सकाळीच काढून घेतला होता; आता तिची शाळा-कॉलेजची सर्टिफिकिटं जाळली आणि तिचा उजवा हात दारात घालून दार लावलं. दुसऱ्या दिवशी वडूजला जाऊन, आपण कुणाचा नवरा ते न सांगता, क्लासच्या दारात उभा राहून बनुबाईंना नको ते बोलला. बोळातल्या सगळ्यांनी ऐकलं. क्लास उठवावा लागला. आठ दिवस मयूरीला घराबाहेर पडू दिलं नव्हतं. नवव्या दिवशी शेजारणीनं डॉक्टरकडं नेते म्हणून तिला आणि ओवीला बाहेर काढलं.

"तुम्ही त्याच दिवशी कळवलं असतं," क्रांतीताई म्हणाल्या, "तर आम्ही संध्याकाळच्या आत माणसं पाठवली असती."

मी म्हणालो, मला मयूरीची माफी मागायचीय.

"मला नाही वाटत तुम्हाला भेटू द्यावं. पण तीच म्हणतेय, सरांना एकदा बोलवा."

कुठं भेटलो ते लिहिणार नाही. एका एसटी स्टँडवर क्रांतीताईंनी माझा फोन बंद करून स्वतःच्या पिशवीत टाकला आणि मला रिक्षानं एका घरी नेलं. दार बनुबाईंनी उघडलं. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"या," एवढंच म्हणाल्या. मग पाणी देताना म्हणाल्या, "सायेब, आमी अडानी मानसं. पन बाईनं सांगितल्यालं कुनाला सांगू ने, येवढं आमाला कळतंय. तुमाला कसं वो न्हाई कळलं?"

मयूरी आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. ओवी शेजारी पाटीवर काहीतरी गिरवत होती. मी बोलायची वाक्यं वाटेत पाठ केली होती. एकही आठवलं नाही. मी नुसता "मयूरी" म्हणालो.

"बसा ना सर," ती म्हणाली. ऑफिसात म्हणायची तसंच. मग म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचं होतं, म्हणून बोलावलं. क्रांतीताई म्हणतात मेसेज आला तो लगेच पुसायला हवा होता. त्यांनी आधीपासून बजावलं होतं, काही आलं तर पुसायचं. मीच पुसला नाही."

"तुझी काय चूक त्यात?"

"तसं नाही सर. पहिल्यांदा फोन केला तेव्हा मला खूप भीती वाटत होती. कोण माणसं आहेत, खरी की खोटी. मग तुमच्या संघाचं नाव आलं. म्हटलं, म्हणजे सर आहेत यात." ती डाव्या हातानं प्लास्टरवरचा पदर नीट करत राहिली. "रोज एकदा तो मेसेज काढून वाचायचे. बरं वाटायचं."

मला त्या खोलीत बसवेना. उठताही येईना. ओवीनं पाटी माझ्यापुढं धरून विचारलं, "आजोबा, हे बरोबर आहे का?" मी पाटीवर काय होतं ते पाहिलंसुद्धा नाही, हो म्हणालो.

निघताना क्रांतीताईंना म्हणालो, "येत्या सभेत उभा राहतो आणि सगळं सांगून टाकतो. माझी चूक, इंद्रजितचं नाव, सगळं."

त्या पहिल्यांदाच चिडल्या. "कशाला? तुमचं मन हलकं व्हायला? पोलिसांत केव्हा जायचं ते मयूरी ठरवेल, तिचा हात बरा झाल्यावर. तोवर तिचं नाव, आमचं नाव, क्लास हा शब्द, यातलं काहीही तुमच्या तोंडून निघता कामा नये. बोलून फार झालंय तुमचं. आता गप्प बसा. तेवढं जमेल का?"

जमेल, म्हणालो.

वार्षिक सभा महिन्याभरानं सांगलीत झाली. व्यासपीठावर फुलं, समोर दीडशे माणसं, चौथ्या रांगेत इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून इंद्रजित. अवधूतरावांनी तंत्रज्ञान निधीचं कौतुक केलं आणि माझ्या खांद्यावर शाल टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंद्रजितनंही वाजवल्या. एप्रिलचा उकाडा होता, पण शाल काढायला माझा हात उठेना. ज्या गोष्टीसाठी मला तोंड लपवावं वाटत होतं तिच्यासाठीच ते माझा सत्कार करत होते, आणि मला तो खाली मान घालून घ्यावा लागत होता.

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. एका सभासदानं छापील अहवाल वर धरून विचारलं, "वडूजच्या प्रकल्पात मेसेजमधून आपलं नाव जात होतं, ते बंद का झालं?"

अवधूतराव माझ्याकडं वळले. मी माईकपाशी गेलो. इंद्रजितनं मान वर करून सरळ माझ्याकडं पाहिलं. सगळं बोलून टाकावंसं वाटलं. इतकं, की मी माईकची दांडी घट्ट धरली.

"माझ्या निष्काळजीपणामुळं," मी म्हणालो. "काहीतरी तांत्रिक होतं. माझं लक्ष राहिलं नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "सचिवांनी लक्ष द्यायला नको का? संघाचं नाव आहे." आणखी दोघे-तिघे बोलले. एकानं वयाचा विषय काढला. मी ऐकून घेतलं. बरं वाटलं, असं म्हणणार नव्हतो, पण थोडं वाटलं, आणि मग त्याचीही लाज वाटली.

सभा सुटली. जेवणाच्या रांगेकडं जाताना इंद्रजितनं मला कोपऱ्यात गाठलं. चेहरा ओढलेला, आवाज तसाच गोड.

"सर, मयूरी घरातून गेलीय. ओवीला घेऊन. तुम्हाला वडीलधारं मानतो म्हणून विचारतो. तुमचं त्या लोकांकडं येणंजाणं आहे. कुठं आहे ती?"

ते घर, तो पलंग, पाटी, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

त्यानं माझ्या डोळ्यांत क्षणभर बघितलं. त्याचा विश्वास बसला की नाही, मला सांगता येणार नाही. मग चार माणसं बघत होती म्हणून असेल, किंवा घरच्या वळणानं असेल, तो वाकला आणि ज्या हातानं ते दार लावलं होतं त्याच हातानं माझ्या पायांना शिवला. मी पाय मागं घेतला नाही. आणि माझ्या तोंडून, सवयीनं, "सुखी राहा" निघून गेलं.